सौजन्याची ओळ

(साल दोन हजार सहा. पोळा होऊन आठवडा झाला होता आणि वऱ्हाडभर कपाशीवर फवारणी सुरू होती. अमरावतीत एका बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत खुशालरावांची कंप्युटरची कंपनी. मालक खुशालराव, भावना आणि इमाद तिथले दोन इंजिनिअर.)

खुशालराव : एकच जागा कमी पडून राहिली ना? मंग काढ एखांदं काही. लग्नाच्या यादीतून सोयरे काढतो आपन, हे तं आकडे आहेत.

भावना : काढण्यासारखं सगळं काढून झालं, भाऊ. एका एसएमएसमध्ये एकशे चाळीस बाइट मावतात. आपलं उत्तर एकशे एक्केचाळीस होतं.

खुशालराव : आन् दोन एसएमएस केले तं?

इमाद : तं दुसरा येईलच याची गॅरंटी नाही. परतवाड्याच्या वर रेंज कशी आहे तुमाले माहीत आहे. पहिला सकाळी येते, दुसरा संध्याकाळी. तवर मानूस ऱ्हाते का जाते.

खुशालराव : बरं, मले हे सगळं एकडाव सरळ सांगा. गुरुवारी अकोल्याच्या हॉलात उद्घाटन आहे, मंत्रीसाहेबासमोर मलेच बोलाचं आहे. मले काही ते बायनरी-फायनरी म्हनता येत नाही.

इमाद : सीधी बात आहे, भाऊ. फवारता फवारता कोनाले विष बाधलं, की लोक त्याले उपकेंद्रात आनतात. डॉक्टर तिथं नसतोच. नर्सबाई आपल्या मशीनवर दाबते, औषध कोनतं होतं, घाम आहे का, लाळ आहे का, डोयाच्या बाहुल्या बारीक का मोठ्या. ते मोबाइलवरून आपल्याकडं येते. आपलं मशीन मोठ्या दवाखान्याच्या कंप्युटरवरल्या सर्व्हिसले विचारते, आन् उतारा कोनता द्याचा ते नर्सबाईले परत पाठोते. खतम.

खुशालराव : मंग आपल्या आधी हेच काम करनाऱ्या पहिल्या कंपनीचं काहून नाही चाललं?

भावना : ते सगळं नावानिशी पाठवायचे. पंगतीत वाढपी कसा 'भात, भात' ओरडत येतो, तसं. यांचा वाढपी वाढायच्या आधी 'भात' ओरडायचा आणि वाढून झाल्यावर परत 'भात वाढून झाला' ओरडायचा. मिठाच्या चिमटीलाही तेच. भात मूठभर आणि ओरडा घमेलंभर. त्यात लाइन तुटायची.

खुशालराव : आन् तुहं?

भावना : आपण ओरडत नाही. पानावर मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुठे, हे ठरलेलं असतं ना? डावी बाजू, उजवी बाजू. जागेवरूनच कळतं काय आहे ते. नावं दोन्ही टोकांच्या मशीनमध्ये आधीच ठेवलेली, वाटेनं फक्त पदार्थ जातो. औषधाचंही तसंच. नर्सबाईंच्या पडद्यावर नाव दिसतं, पण जातो तो यादीतला आकडा. मोनोक्रोटोफॉस चौदावं, म्हणून चौदा.

खुशालराव : हे पंगतीचं मस्त आहे. साहेबाले आवडीन. त्याईले जेवनातलं समजते. मंग एवढी काटकसर करून जागा गेल्या कुठं?

इमाद : सांगू का? तुमच्या ओळीत गेल्या.

खुशालराव : कोनती ओळ?

भावना : 'मा. साहेबांच्या सौजन्याने.' प्रत्येक उत्तराखाली. मराठी अक्षराला एरवी जास्त जागा लागते. मी आठवडाभर बसून आपला वेगळा तक्ता केला, एका अक्षराला एकच बाइट. तरी ओळ ती ओळच. निदान 'मा.' काढा, भाऊ. तीन जागा मोकळ्या होतील.

खुशालराव : साहेबाचं माननीय काढू? अवं, त्या एका अक्षरासाठी मानसं जलम घालवतात. तू काढून राहिली एका एसएमएससाठी.

भावना : ज्याच्या तोंडाला फेस आलाय त्याला सौजन्य कुणाचं ते कशाला कळायला हवं?

खुशालराव : त्याले नाही, त्याच्यासोबत दहा लोक येतात त्याईले कळाले पाहिजे. हे पाहा, हा डोक्यावरचा आकडा कशाचा? प्रत्येक निरोपात एक. इथं एक, तिथंही एक.

भावना : तो आवृत्तीचा. कोणत्या यादीप्रमाणे वाचायचं ते तो सांगतो.

खुशालराव : सगळीकडं एकच आहे ना? जे कधी बदलतच नाही ते वाहून न्याचं काहून? काढ तो.

भावना : तोच काढता येत नाही. आता तर मुळीच नाही. दवाखान्यानं परवा ट्रायझोफॉस हे आणखी एक औषध वाढवायला सांगितलं. मी म्हटलं, यादीत सगळ्यात शेवटी टाकू, म्हणजे जुने आकडे हलणार नाहीत. तर तुम्हीच ते मध्ये घालायला लावलंत.

खुशालराव : यादी साहेबाच्या टेबलावर जाईन. अकारविल्हे नसली तं लोक म्हनतीन, खुशालरावाच्या हापिसातल्या पोरीले बाराखडी येत नाही.

भावना : पण ट मध्ये घुसला की पुढचे सगळे एकेक घर सरकले. जुन्या यादीत चौदा म्हणजे मोनो. नवीन यादीत मोनो पंधरा झालं, आणि चौदावर आलं फेनव्हलरेट. एखाद्या केंद्राकडे जुनी यादी राहिली आणि डोक्यावर आकडाही नाही, तर ती बाई मोनो दाबेल आणि आपल्याला फेनव्हलरेट ऐकू येईल. दोन्हीचे उतारे वेगळे, भाऊ. मोनोला सुई लागते, ताबडतोब. फेनव्हलरेटला ती देत नाहीत.

इमाद : म्हून तं मी जाऊन राहिलो सीडी घेऊन. सगळ्या केंद्रावर नवीन यादी टाकतो, बुधवारपावतर. सगळीकडं एकच यादी असन तं आकडा कशाले पाहिजे?

भावना : सगळ्या? बोरपाटीसुद्धा?

इमाद : बोरपाटीसुद्धा. परतवाड्यावरून जीप जाते तिथं. उपकेंद्रासमोर अब्दुल सत्तारचं किराना दुकान आहे, तो अब्बाच्या वळखीचा. नंबर आहे माह्याकडं.

भावना : माझे बाबा मूर्तिजापूरला सांधेवाले होते. शकुंतला, ती छोट्या लाइनीची गाडी, दिवसातून एकदा यायची. तरी गाडी यायच्या आधी रोज जाऊन रुळाचा सांधा हातानं बघायचे. कालही तसाच होता म्हणून आज बघायचा नाही, असं कधी केलं नाही.

खुशालराव : त्या लायनीवर गाडीच एक. टक्कर काय म्हशीशी होनार होती? पोरी, तुह्या बापानं आयुष्य घालवलं त्या सांध्यापाशी आन् गाडी बैलगाडीच्या मागं ऱ्हायली. तुमच्यात पुस्तकावर लई भरोसा. सरकारनं शिकवलं, चांगलं केलं. पन धंदा मी करून राहिलो. नसन पटत तं जिना उतर. खाली बियान्याच्या दुकानात पोरगी पाहिजे आहे, बिलं लिहाले.

भावना : केंद्राचं मशीन रोज सकाळी हजेरीचा निरोप पाठवतं, त्याच्या उत्तरातून तिकडचा आकडा बंद करता येतो; यादी मात्र सीडीनंच जाते. इमाद, तुझ्या शब्दावर काढते आहे मी हा आकडा.

इमाद : कसम से. काढ तू.

*

इमाद : भावना, आला. खराखुरा आला.

भावना : हळू बोल, साहेबांचं भाषण सुरू आहे. टेस्टिंगचा असेल.

इमाद : टेस्टिंगचे मीच पाठोतो ना. हा माहा नाही. बोरपाटीचा आहे.

खुशालराव : काय खुसुरफुसुर आहे पडद्यामागं? पेशंट आला? खरा?

भावना : हो. बाई आहे. घाम, लाळ, बाहुल्या बारीक. औषध चौदा.

खुशालराव : टाक मोठ्या पडद्यावर. टाक लवकर, साहेब थांबले आहेत. आपलं नशीब पाहा, अख्ख्या अकोल्यासमोर पहिलं गिऱ्हाईक.

भावना : उत्तर आपोआप गेलं, भाऊ. आपल्या यादीत चौदा म्हणजे फेनव्हलरेट. 'सुई देऊ नका. अंग साबणानं धुवा. निजवून लक्ष ठेवा.'

खुशालराव : आन् खालती?

भावना : खालती तुमची ओळ.

खुशालराव : ऐक टाळ्या. घे ऐकून. डोळ्याचं पातं लवते न लवते तर बोरपाटीतून निरोप आला आन् उतारा गेला. साहेब स्वतः टाळी वाजवून राहिले.

भावना : इमाद, बारीक बाहुल्या. लाळ. घाम. फेनव्हलरेटनं असं होत नाही. मोनोनं होतं.

इमाद : असन काही मिसळून फवारलं. लोक काहीही मिसळतात.

भावना : दवाखान्याची सर्व्हिस आधी औषधाचं नाव बघते, त्यावरूनच उतारा देते. नावच चुकीचं गेलं असेल तर? बोरपाटीची सीडी बदललीस ना तू?

इमाद : बदलली म्हंजे...

भावना : म्हणजे काय?

इमाद : बुधवारी परतवाड्याले पोचलो तं जीप भरली होती. मागं लटकून जानं होतं. म्हटलं, नंतरच्या जीपनं जाईन. नंतरची आलीच नाही. मंग म्हटलं, प्रोग्राम झाला की उद्या सकाळी जातो. एका दिवसात काय होते, म्हटलं.

भावना : मला 'सगळीकडे टाकली' म्हणालास.

इमाद : टाकनारच होतो ना यार.

भावना : भाऊ, उत्तर चुकलं. तिकडे जुनी यादी आहे. त्या बाईनं मोनो दाबलं आणि आपण सुई देऊ नका म्हणून सांगितलं. दुसरं उत्तर पाठवता येत नाही, त्यांनी विचारलं तरच आपल्याकडून जातं. केंद्राचा मोबाइल मशीनला जोडलेला आहे, तो वाजणार नाही. समोरच्या दुकानात फोन करायला हवा, आत्ता.

खुशालराव : खाली बस.

भावना : भाऊ, मरेल ती.

खुशालराव : बस म्हटलं ना. साहेब बोलून राहिले. तू उठली तं समोरचे पेपरवाले तुह्याकडं पाहतीन. सकाळच्या पेपरात रोज दोन मरतात, कोनी मान वर करून पाहते का? आज साहेबाचा फोटो येऊ दे. भाषन झाल्यावर कर कोनाले कराचा तो फोन.

भावना : भाषण किती वेळ चालेल?

खुशालराव : मोठे आहेत ते. त्याईले कोन विचारीन?

इमाद : मी जातो. तू बस लॅपटॉपपाशी, मी भायेर जाऊन सत्तारभाईले लावतो.

खुशालराव : इमाद मिया, जरा हिकडं या. काय सांगशीन त्याले? सीडी राहिली म्हनशीन? म्हन. मंग हेही सांगजो, की कोनाच्या हातून राहिली. मी तं तुले जीपचं भाडं दिलं होतं.

इमाद : जी.

खुशालराव : जा आता. लाव फोन.

*

भावना : लागला?

इमाद : नाही लागत. लाइन डेड आहे तिकडची.

भावना : परत लाव.

इमाद : लावला ना परत परत. डेड म्हटलं तं डेड.

भावना : नंबर दे मला. मी बूथवरून करते.

इमाद : मोबाइल बंद पडला. बॅटरी. नंबर त्याच्यातच आहे.

भावना : पाठ नाही तुला? अब्बांच्या ओळखीचा ना तो?

इमाद : अब्बाच्या वळखीचा आहे, माह्या नाही.

खुशालराव : कुठं चालली तू? पडद्यावरचं कोन पाहीन?

भावना : परतवाड्याच्या दवाखान्यात फोन करते. तिथून गाडी तरी पाठवतील.

खुशालराव : हॉलाच्या दारातून भायेर गेली तं माह्या जिन्यावर पाय ठेवाचा नाही.

भावना : नाही ठेवणार.

*

खुशालराव : ये. म्हटलं होतं ना जिना चढशीन नको. पन आली तं आता बस. चहा घेशीन?

भावना : चौकशीसाठी बोलावलं म्हणून आले आहे. पार्बताबाई गेली. परतवाड्याहून गाडी आली, तिला घातली आणि अर्ध्या वाटेतच ती संपली. आठ एकरांची फवारणी करत होती. पंप नवऱ्याचा, डोमाजीचा, पण त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून हिनं पाठीवर घेतला. नर्स दुर्गाबाईंनी सुई काढून हातात धरली होती. मशीननं नको म्हटलं म्हणून परत ठेवली.

खुशालराव : तुले एवढं कोनी सांगितलं?

भावना : दुर्गाबाईंनीच. मी जाऊन आले काल. एवढंच विचारत होत्या, मी काही चुकीचं दाबलं का गं?

खुशालराव : चुकीचंच दाबलं. कमिटीले आपन तेच सांगून राहिलो. निवृत्तीले आलेली बाई, डोळे अधू. मोनोच्या जागी फेनव्हलरेट दाबलं.

भावना : त्यांनी मोनो दाबलं होतं. यादी जुनी होती. बोरपाटीचं मशीन उघडलं की दिसेल कुणालाही.

खुशालराव : उघड. नवीन यादी आहे त्याच्यात.

भावना : इमाद?

इमाद : शुक्रवारी सकाळीच गेलो मी. भाऊनं मोटारसायकल देली.

भावना : तिची माती व्हायची होती अजून. आणि तू यादी बदलत होतास. जुनी सीडी कुठे आहे?

खुशालराव : माह्या वावरात. चांगली चमकते. पाखरं हाकाले टांगली आहे, ज्वारीवर.

भावना : मी कमिटीला सांगेन. सगळं.

खुशालराव : सांग ना. कोन अडवते? समोर तीन म्हातारे बसतीन चष्मे लावून. त्याईले तू काय दाखवशीन? निरोप दाखवशीन. निरोपात काय आहे? चौदा. 'मोनो' कुठं लिहिलं आहे? 'जुनी यादी' कुठं लिहिलं आहे? पहिल्या कंपनीचं असतं तं वाचता आलं असतं बाप्पा, त्याच्यात दर गोष्टीचं नाव होतं, दोन दोन डाव. नावं तूच काढली ना, पोरी? भाताले भात म्हनाचं नाही म्हने.

भावना : डोक्यावर आकडा असता तर एकट्या त्यानं सांगितलं असतं.

खुशालराव : असता तं. तोही तुह्याच हातानं काढला. इमाद मियासमोर.

भावना : इमाद, तुझं एक वाक्य पुरेल. 'गुरुवारी बोरपाटीत जुनी यादी होती.' एवढंच. पार्बताबाई परत येत नाही, पण दुर्गाबाई वाचतील. त्यांची पेन्शन अडकवतील रे हे लोक. विधवा आहेत, एकट्या.

इमाद : माहे अब्बा गेले मागच्या साली. घरात अम्मी आहे आन् धाकटी बहीण हीना. पाच वर्षाची आहे ती. मी घरी बसलो तं तिच्या शाळेचं कोन पाहीन, तू?

भावना : म्हणजे नाही बोलणार.

इमाद : माह्यानं नाही होनार.

खुशालराव : चहा घे, भावना. साखर कमी आहे, तुले चालन.

*

इमाद : भावना? मी मघापासून पाहून राहिलो, म्हटलं तूच का. सतरा वर्षांत केस पांढरे केले तुनं.

भावना : मी नाही केले. मूर्तिजापुरात काय करतोस तू?

इमाद : तुह्याचसाठी आलो. कळलं की दुर्गाबाईच्या मातीले येशीन म्हून. मीही आलो होतो, मागं उभा होतो. पुढं याची हिंमत नाही झाली. शेवटी काय झालं बाईले?

भावना : काही नाही. म्हातारपण. चौकशी संपलीच नाही, पेन्शन अर्धीच मिळत राहिली. या स्टेशनाच्या मागे खोली घेऊन राहिल्या, परकर शिवायच्या. शकुंतला बंद झाली तेव्हा मला म्हणाल्या, बरं झालं, आता दुपारी शिट्टी वाजत नाही, झोप लागते. डोळे मात्र शेवटपर्यंत चांगले होते. सुईत दोरा स्वतः ओवायच्या.

इमाद : डोमाजी दिसला मले मांगच्या पावसाळ्यात. अजून फवारते. तोंडाले दुपट्टा नाही, काही नाही. मी म्हटलं, बांधत जा काही. तं म्हने, कोनासाठी?

भावना : खुशालराव?

इमाद : ते तं मोठे झाले. तीन जिल्ह्याचं काम भेटलं त्याईले, तुह्याच त्या निरोपावर. मंग कॉलेज काढलं. आता फ्लेक्सवर त्याईच्या नावाअगोदर 'मा.' असते. दर साली नर्सबायांचा सत्कार करतात, शाल-नारळ. तब्येत ठणठणीत आहे. मी परतवाड्यात मोबाइलचं दुकान टाकलं. स्क्रीन बदलतो, रिचार्ज करतो. तुहं ऐकत असतो. हैदराबादेत लई मोठी झाली म्हनतात.

भावना : तेच करते. निरोप लहान कसा करायचा. आता जागेची टंचाई नसते, तरी करते. आणि डोक्यावरचा आकडा कुणालाही काढू देत नाही. लोक हसतात.

इमाद : माहं एक काम होतं तुह्याकडं.

भावना : ते वाटलंच.

इमाद : माह्यासाठी नाही. हीनासाठी. इंजिनिअर झाली ती, पहिल्या नंबरात. तुमच्या कंपनीत अर्ज केला आहे तिनं. तू वर आहे तिथं. तू नुसती मान हलवली तं...

भावना : तिचा अर्ज पाहिलाय मी. चांगला आहे. मान हलवायचीही गरज नाही, ती येईल आपल्या जोरावर.

इमाद : अल्लाह तुले सुखी ठेवो. मले वाटलं, तू मनात धरून बसली असशीन. त्या दिवशी मी खूप लावला गं फोन. लागतच नव्हता. लाइनच...

भावना : इमाद.

इमाद : काय?

भावना : मी दुर्गाबाईंना भेटायला बोरपाटीला गेले होते ना, तेव्हा अब्दुल सत्तारच्या दुकानातही गेले होते. त्या दिवशी दुपारभर तो दुकानात होता. फोन चालू होता, तीनदा वाजला. एकदा खताचा माणूस, दोनदा त्याची मुलगी. तुझा नाही.

इमाद : दुकानात गेली होती तू?

भावना : दुकानाच्या पायरीवरून उपकेंद्राचं दार दिसतं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

इमाद : तुले तवापासून माहीत आहे?

भावना : तेव्हापासून.

इमाद : मंग एवढी वर्षं बोलली काहून नाही? मी दर ईदले तुले फोन करत होतो. दर डाव हेच सांगत होतो, लाइन डेड होती म्हून. तू ऐकून घेत होती.

भावना : ऐकत होते. किती वर्षं म्हणतोस ते.

इमाद : मी नंबर काढला होता, भावना. बोट होतं बटनावर. मंग वाटलं, सत्तारभाई विचारीन, काहून चुकलं, कोनाचं चुकलं. घरी हीना होती. ते वय होतं तिचं, माह्या बोटाले धरून शाळेत जाची.

भावना : ठीक आहे. हीनाला येऊ दे. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी समोर बसवते आणि तो आकडा कशासाठी आहे ते सांगते. बोरपाटीचं नाव घेऊन सांगते, पार्बताबाईचं, दुर्गाबाईंचं. आजवर एकच नाव गाळत आले.

इमाद : तिले सांगशीन?

भावना : तिला नाही सांगायचं तर कुणाला?

इमाद : बापाच्या जागी आहे मी तिच्या.

भावना : माहीत आहे.

इमाद : मंग तिले नको म्हनू? अर्ज मागं घे म्हनू? काय कारन सांगू तिले?

भावना : सांग, लाइन डेड होती.

इमाद : एवढी कडक नव्हती तू.

भावना : ती बघ परतवाड्याची जीप. भरत आली, मागे एक जागा दिसते. जा, संध्याकाळच्या आत पोचशील.

इमाद : जाऊ दे ती. मी नंतरच्या जीपनं जाईन.

भावना : हो. तेव्हाही नंतरच्याच जीपनं जाणार होतास.